शुक्रवारच्या आत

इज्बत शाहीन,
मंगळवार, ९ एप्रिल १९९६

लाडक्या वजीदे,

सलाम. तू, तुझी पोरं, तुझ्या सासूबाई, ती गाभण म्हैस, सगळी खुशाल असाल. आमच्याकडेही सगळे, म्हणजे माणसं तरी, जागेवर आहेत. बाकीचं पुढे लिहिते. आधी एक काम कर. शहाता घरात असेल तर त्याला घरातच धरून ठेव. कुणाच्या खजुरीवर चढला असेल तर खाली उभी राहा आणि हाका मारून त्याला उतरव. लोक हसले तर हसू दे. आणि तुझ्या आजीच्या झाडावर त्याला अजिबात चढू देऊ नकोस. या शुक्रवारी नाही, कुठल्याच शुक्रवारी नाही. ऊठ, जा, सांगून ये आणि मग पुढचं वाच.

सांगितलंस ना? खरं सांग हं. तुला मी ओळखते, तू अख्खं पत्र वाचल्याशिवाय जागची हलायची नाहीस.

पत्र कशाला, फोन नाही का करायचा, असं म्हणशील. केला ना! काल आमच्या दुकानातून तुमच्या दुकानात फोन लावला. तो तुमचा दुकानदार म्हणाला, “वजीदा शेतात आहे, काय निरोप?” इकडे माझ्या पाठीमागे साखर घ्यायला आलेली चार माणसं कान टवकारून उभी. भुंग्याचं नाव तोंडातून काढलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर बोंब झाली असती. मी एवढंच म्हणाले, “शहाताला सांगा, खजुरीवर चढू नकोस म्हणावं.” तर तो खो खो हसत सुटला. “काय गं, शाळेत जाऊन हेच शिकलात का? आता पुरुषांनी झाडावर कधी चढायचं तेही बायका सांगणार?” आणि ठेवला फोन. तो निरोप पोचवेल तर तो मस्करीनेच पोचवेल, आणि मस्करी ऐकली की तुझा नवरा मुद्दाम सगळ्यात उंच झाडावर जाऊन बसेल. म्हणून हे पत्र. बायूमीची गाडी उद्या तुमच्याकडच्या बाजाराला जाते आहे. त्याला सांगितलंय, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही, वजीदाच्याच हातात द्यायचं.

माझं अक्षर वेडंवाकडं येतंय ते समजून घे. मी उंबऱ्यावर बसून लिहिते आहे, कारण इथून अंगणातली खजूरही दिसते आणि तिच्या बुंध्याशी बसलेल्या माझ्या सासूबाई, आमच्या हाज्जाही दिसतात. वारा सुटला की मी आधी वर बघते, मग खाली त्यांच्याकडे बघते, आणि मग पुढची ओळ लिहिते.

तुला ती बरणी आठवते का? बिल्बेसच्या रस्त्यावरच्या आपल्या त्या शेतीशाळेत, सकाळी फळ्यासमोर बसायचो आणि दुपारी मातीत हात घालायचो, त्या दिवसांतली. पहिल्या दिवशी तू केवढ्याने म्हणाली होतीस, “आम्ही शेणातच जन्मलो, आता हे आम्हाला शेण शिकवणार!” आणि मग खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब बघायची पाळी आली, तेव्हा तूच किंचाळून मागे सरलीस, एवढा तो ढीग आतून तापला होता. त्याच आठवड्यात इक्रामबाईंनी ती बरणी फिरवली. आत स्पिरिटमध्ये तो लाल भुंगा, लांब सोंडेचा. तू माझ्या कानात म्हणालीस, “ही सोंड बघ, अगदी आमच्या मामेसासऱ्यांचं नाक!” मी फिस्सकन हसले. बाईंनी तुलाच उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणून घेतलं: खजुरीचं पिल्लू, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं रोप, बाहेरून आणायचं नाही, कुणी दिलं तरी घ्यायचं नाही, त्याच्या पोटात हा बसून येतो. तू गाण्याच्या चालीवर म्हटलंस. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता.

आणि पुढच्याच महिन्यात माझी बदूर झाली आणि तिच्या सातव्या दिवसाच्या सोहळ्याला तू आलीस, डोक्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं खजुरीचं पिल्लू घेऊन. तुझ्या आजीच्या झाडाच्या बुंध्याचं. बायांनी केवढा जल्लोष केला! हाज्जांनी स्वतः खड्डा खणला, त्यावर मीठ शिंपडलं, बदूरला चाळणीत घालून त्या खड्ड्याभोवती फिरवलं. पोरीच्या नावाचं आलेलं झाड कुणी परत पाठवतं का गं? मला बरणी आठवलीसुद्धा नाही. तुलाही नाही. इक्रामबाई तर तिथेच होत्या, भात वाढून घेत होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. त्याही आपल्याच मुलखातल्या लेकी. सातव्याला आलेल्या पिल्लाला नको म्हणणं त्यांच्याही जिभेवर आलं नाही.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, बदूरची खजूर केवढी झाली? आणि मी प्रत्येक पत्रात लिहिते, छान आहे. छान नाहीये, वजीदे. गेल्या उन्हाळ्यातच मेली ती. हाज्जांनी एका हाताने ओढली तर मुळांशिवाय वर आली, आतून नुसता भुसा. आम्हाला वाटलं पाणी खारं होतं, जगली नाही. हाज्जा घाबरल्या ते पोरीसाठी. म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस. तिच्या नावाचं झाड मेलं म्हणून गावात झालं तर पोरीला नजर लागेल. आणि वजीदाला तर मुळीच सांगू नकोस, तिचा जीव दुखेल.” मग ते मेलेलं पिल्लू आम्ही खताच्या ढिगावर टाकलं. मीच म्हणाले, सडू दे, खत होईल. शिकलेली ना मी! ढिगाच्या पोटात घातलं असतं तर आत जे काय होतं ते उष्णतेने मेलं तरी असतं. मी वरच टाकलं, आणि ढीग आमच्या मोठ्या खजुरीच्या सावलीत.

आता मोठीचं सांगते. हिवाळ्यापासून तिची मधली पाती कलली होती. दोन वर्षं घडही नीट धरत नव्हती. हाज्जांचं म्हणणं, रुसली आहे. आणि रुसलेल्या खजुरीचं काय करतात ते तुला मी काय सांगणार, तुमच्याकडेही तेच करतात: एकीने तोडायची भीती घालायची, दुसरीने तिच्यासाठी जामीन राहायचं. गेल्या गुरुवारी हाज्जा कुऱ्हाड घेऊन अंगणात आल्या. मला म्हणाल्या, “चल, तू सोडवायला ये.” मी हातातलं पीठ झटकून गेले. मला हसू येत होतं.

“आज तोडतेच हिला!” हाज्जा झाडाला ऐकू जाईल अशा ओरडल्या. “खाते, पिते, डोक्यावर फणा काढून उभी राहते, आणि द्यायची वेळ आली की तोंड फिरवते! चूल पेटवायला तरी होईल!”

“नका हो हाज्जा,” मी त्यांचा हात धरला, “यंदाच्या वर्षी सोडा तिला.”

“नाही! माझा शब्द दिला!” म्हणून त्यांनी नेहमीसारखी हलकेच, अगदी लुटुपुटीची एक कुऱ्हाड बुंध्यात मारली.

खजुरीवर कुऱ्हाड मारली की कसा टणक आवाज येतो, हाताला झिणझिण्या येतात. आवाज आलाच नाही. पातं आत गेलं. आत म्हणजे पार दांड्यापर्यंत, कलिंगडात सुरी जावी तसं. हाज्जांनी ओढलं तर फटीतून तपकिरी पाणी वाहायला लागलं, त्याला आंबलेल्या उसाच्या रसाचा वास. आणि त्या पाण्याबरोबर अळ्या. पांढऱ्या, माझ्या अंगठ्याएवढ्या जाड, डोकी तेवढी तांबडी. हाज्जांच्या पायावर पडल्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी जामीन राहायचं असतं ना, ‘पुढच्या वर्षी देईल ती, मी शब्द देते,’ ते वाक्य म्हणायचं राहूनच गेलं.

मी कान लावला. वजीदे, ते तू ऐकू नयेस असं वाटतं आणि तुला ऐकावं लागणार आहे. गोठ्यात गुरं सावकाश वैरण चघळतात ना, तसा आवाज. घाई नाही, थांबणं नाही. खालून येतो, वरून येतो, कानाच्या अगदी पलीकडे येतो. नवरा माझा, फरग, गच्चीवर कणसं पसरत होता. वरून विचारतो, “काय गं, झाड बोलायला लागलं का तुझ्याशी?” मी हात हलवून त्याला खाली बोलावलं. मग तो खाली आला, त्यानेही कान लावला, आणि तसाच मातीत बसला.

कारण तो त्या झाडावर चढला होता गं. त्याच आठवड्यात. नराचा तुरा मादीच्या घडात बांधायला अगदी शेंड्यापर्यंत गेला होता, वर दोन्ही पाय रोवून मागे झुकून बसला होता, मला ओरडून म्हणत होता, “इथून तुझ्या माहेरचा मिनार दिसतो!” आणि मी खाली भाकरी भाजत होते. मी वर पाहिलंसुद्धा नाही. आता मला डोळे मिटले की तेच दिसतं, फक्त त्यात झाड उभं राहत नाही.

इक्रामबाई रविवारी शेती कार्यालयातल्या माणसाला घेऊन आल्या. त्याने शिडी लावून शेंड्याच्या जरा खाली लोखंडी सळई टेकवली, आणि ती ढकलावीसुद्धा लागली नाही, आत गेली. त्याने विचारलं, “इतक्यात कुणी चढलं होतं का हिच्यावर?” फरगने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. तो माणूस शिडीवरूनच म्हणाला, “जा बाबा, आधी नमाज पढून ये. ही एका बाजूच्या सालीवर उभी आहे.” तेव्हापासून फरग गच्चीवरही जात नाही. चहाचा पेला दोन हातांनी धरतो. मी काही विचारलं तर म्हणतो, “काही नाही.” मलाही भीती वाटते, त्यालाही वाटते, आणि दोघंही पोरीसमोर हसतो.

आता तुझ्या आजीच्या झाडाचं. तूच लिहिलं होतंस रमजानच्या आधीच्या पत्रात, ‘आजीच्या झाडाने मान टाकली आहे, तहानलेलं दिसतं.’ आणि मी शहाणीने तुला उत्तर दिलं होतं, खत घाल, पाणी वाढव. ते पत्र अजून ठेवलं असशील तर फाडून टाक. आमच्या मोठीनेही अशीच मान टाकली होती. आमचं पिल्लू तुझ्या आजीच्या झाडाच्याच बुंध्याचं. म्हणजे जे माझ्या अंगणात आहे ते आधी तुझ्या अंगणात होतं, आणि तिथे जास्त दिवस खातंय. आणि मला हेही माहीत आहे की शहाता गावातल्या सगळ्या झाडांचे तुरे बांधून संपवतो आणि आजीचं झाड शेवटी ठेवतो, वसंताच्या सणाआधीच्या शुक्रवारी, नमाजानंतर, तुम्ही सगळी खाली चटई टाकून बसता तेव्हा. म्हणजे याच शुक्रवारी. ती चटई मला रात्रंदिवस दिसते. तिच्यावर तुझी पोरं बसलेली असतात.

वारा जरा पडला. हाज्जांना पाणी नेऊन दिलं. घेतलं नाही.

त्या माझ्याशी बोलत नाहीत, वजीदे, आणि त्याचं कारण तुला माझ्याच तोंडून कळलेलं बरं. मघापासून मी इकडचं तिकडचं लिहिते आहे ते हे लिहायचं टाळायलाच.

सळई बाहेर काढून त्या माणसाने विचारलं, “इथे भुंगा आला कुठून? बाहेरून पिल्लू आणलं होतं?” हाज्जा पटकन म्हणाल्या, “बाजारातून.” मीही मान हलवली. भेट देणाऱ्याचं नाव सरकारी माणसाला सांगायचं नाही, एवढं तर आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं असतं. इक्रामबाईंना माहीत होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. त्या माणसाने कागदावर ‘बाजार’ लिहिलंसुद्धा. आणि मला ती चटई दिसली. मी म्हणाले, “बाजारातून नाही. माझ्या मैत्रिणीकडून.” त्याने तुझं नाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं. तेही सांगितलं.

हाज्जा माझ्या पायाशी थुंकल्या. “तिने तुझ्या पोरीच्या नावाने झाड दिलं,” म्हणाल्या, “आणि तू तिच्या घरावर करवत पाठवलीस!” तेव्हापासून त्या बुंध्याला टेकून बसल्या आहेत. आज दुपारी झाड तोडायला माणसं येणार आहेत. म्हणतात, मला आधी तोडा. मी हात जोडले, फरगने पाय धरले. झाड कधी पडेल सांगता येत नाही आणि माझी सासू त्याच्याखाली बसली आहे. तिला सोडून मला तुझ्याकडे धावत येता येत नाही. नाहीतर देवाशप्पथ, मी हे पत्र लिहीत बसले नसते.

ते तुझ्याकडे शनिवारी येणार. खोटं सांगत नाही, आजीचं झाड जाईल. तोडतील, तुकडे करतील, जाळतील, राख पुरतील. बाकीच्या झाडांना छिद्रं पाडून त्यांत औषध ओततील. औषध कसलं, विषच. आपण दोघींनी त्या शाळेत हात मातीत घालून कबूल केलं होतं ना, आपल्या जमिनीला हे कधी लावायचं नाही म्हणून? माझ्या कॅमोमाइलच्या फुलांच्या वाफ्यांचं तर झालंच. बाई म्हणाल्या, झाडांखालचं काही आता कित्येक वर्षं स्वच्छ म्हणून विकता येणार नाही. फुलं ऐन बहरात आहेत. तुझ्या पुदिन्याचंही तेच होईल. तू मला शिव्या देशील. दे. माझ्या पोरीचं नाव घेऊन मात्र देऊ नकोस, एवढंच.

पण शनिवारच्या आधी शुक्रवार येतो. मी त्या माणसाला म्हटलं, गुरुवारी जा हो, हवं तर माझं झाड राहू दे. तो म्हणाला, “बाई, गाडी एकच आहे. शनिवार म्हणजे शनिवार.” सरकारला शुक्रवार कळत नाही. म्हणून तुला सांगते आहे.

वारा नसेल तेव्हा तू एकटीने जा आणि कान लाव. पोरांना नेऊ नकोस. कुऱ्हाड मारू नकोस, लुटुपुटीचीसुद्धा नाही. आवाज आला तर आला. आणि नाही आला, अगदी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, तरी शहाताला चढू देऊ नकोस. माझं चुकत असेल तर बरंच. जन्मभर मला घाबरट म्हण, गावभर नक्कल करून दाखव माझी.

शहाता ऐकणार नाही. म्हणेल, बापाच्या आधीपासून चढतोय आम्ही, हे झाड मला ओळखतं. त्याला माझं काही सांगू नकोस. फरगचं सांग. फरग आत्ता माझ्या शेजारी येऊन बसला आहे. त्याला लिहिता येत नाही, तो सांगतो ते जसंच्या तसं लिहिते: “शहाता, भावा, मी वर होतो. मला काही कळलं नाही. पायाखाली घट्ट लागत होतं. मी वर बसून गाणं म्हणत होतो. तुला वाटेल तुला कळेल. नाही कळणार.”

एवढं बोलून तो उठून हाज्जांकडे गेला. आता त्यांच्या शेजारी तोही बुंध्याला टेकून बसला आहे. काय करू मी या माणसांचं!

बायूमी आज रात्री पत्र न्यायला येईल, म्हणून आवरते. उत्तर लिहू नकोस. बोलायचं असेल ते शनिवारी तोंडावर बोल. मी इक्रामबाईंबरोबर पहिल्या गाडीत बसून येते आहे. दार लावून घेतलंस तर मी दारात बसेन. पण बायूमी तुझ्या दारातून हलायच्या आत एक कर. शहाता कंबरेला बांधून चढतो तो दोर काढ आणि बायूमीच्या हाती माझ्याकडे पाठवून दे. तो त्याच्या बापाचा आहे, तुलाही हात लावू देत नाही, माहीत आहे मला. दुसऱ्याच्या दोराने तो चढत नाही, हेही माहीत आहे. मागू नकोस, मागितलास तर देणार नाही. चोर. तो अंघोळीला गेला की चोर, पिठाच्या पोत्यात घालून दे. मारलं तर मार खा, बाई, माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

उद्या संध्याकाळी मी रस्त्यावर गाडीची वाट बघत उभी राहीन. बायूमी रिकाम्या हाताने आला तर मी हाज्जांना इथेच सोडून रात्रीची चालत निघेन.

दोराची वाट पाहणारी,
तुझं नाव सांगितलेली,
तुझीच
इन्साफ